दुमजली विमानातल्या दोन जागा

४ नोव्हेंबर

ऋषिराजनं तिकिटं पाठवली. मेलबर्न! लेक तिकडं बायको-पोरीसह स्थिरावला, आता आई-बापाला बोलावतोय. आमची ही, बनाबाई, हरखली, काटेवाडीभर सांगून आली. मी मात्र तिकीट पुन्हा पुन्हा वाचलं. माझी जागा ७१ डी. हिची ४८ के. नवरा-बायको, आणि एवढं अंतर? बारामती डेपोत जन्म गेला कंडक्टरकीत. जोडप्याला वेगळं बसवलं तर लोक गाडी डोक्यावर घेतात!

६ नोव्हेंबर

भिगवण रोडला ट्रॅव्हल्सवाल्या अनिताताईंकडं गेलो. त्यांनी संगणकावर विमानाचा नकाशा उघडला. मुंबईहून दुबई, तिथून पुढं एमिरेट्सचं एअरबस ए-३८०. दुमजली! वर बड्या लोकांच्या झोपायच्या जागा, खाली आपण. रांगेत दहा जण — तीन, वाट, चार, परत वाट, तीन. एकाच गाडीत दोन वाटा! ए आणि के म्हणजे खिडकी. माझी डी मधल्या चारांत, वाटेच्या कडेला.

"जागा आपोआप पडल्यात का?" मी विचारलं.

"नाही काका. निवडल्यात कुणीतरी."

"शेजारी-शेजारी मिळाल्या नसत्या?"

"रिकाम्या आहेत की अजून."

कुणीतरी! म्हणजे कोण?

७ नोव्हेंबर

सून. श्रेयाच. दुसरं कोण?

९ नोव्हेंबर

ऋषिराजला फोन केला. म्हणाला, "आण्णा, तुमचा गुडघा दुखतो. वाटेकडंची जागा बरी, उठता येतं."

"मग आईला माझ्या शेजारी का न्हाय?"

मग म्हणतो, "आण्णा, आवाज तुटतोय." माझ्याकडं तर लख्ख येत होता! विनातिकीट माणूस असाच खिडकीबाहेर बघत बसतो.

ही दुकानातून फार उशिरा आली. कुणाशी बोलत होतीस, विचारलं. "कुशाबाईसंगं." शेजारी जाऊन कुशाबाईंना विचारून आलो. खरं होतं.

१२ नोव्हेंबर

परतीचं तिकीट आलं. फेब्रुवारीचं. त्यावर एकच नाव — माझं!

हिला दाखवलं. "आसंल काय तरी," म्हणाली आणि कडबा टाकायला उठली. भोळी आहे.

संध्याकाळी शेजारच्या कुशाबाई ओट्यावर आल्या. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "मोहनराव, तिकडं पोरं सांभाळायला बाई लई महाग पडती म्हणं. फुकटात आजी घावली तर कोण सोडंल?"

आता उलगडा झाला! नातीला सांभाळायला बनाबाई पाहिजे. म्हातारा नको. म्हातारा खातो, खोकतो, प्रश्न विचारतो. म्हणून त्याला परत धाडायचा.

१३ नोव्हेंबर

कोण कुणाला नेतंय ते बघतोच.

१५ नोव्हेंबर

अनिताताई म्हणतात, तिकिटं ज्यानं काढली त्यानंच रद्द करायची. मग घरी येऊन ऋषिराजला लावला फोन. श्रेयानंच उचलला. "आण्णा, कसे आहात?" मी म्हटलं, "गोड बोलू नको. सासूला मोलकरीण करायचा बेत कळलाय मला!" पोरगी रडायला लागली. तरी एक शब्द उलट बोलली नाही. एवढंच म्हणाली, "आईंना विचारा."

हिला कशाला विचारू? हिला काय माहीत!

१६ नोव्हेंबर

सकाळी हिच्या देखत ऋषिराजला परत फोन लावला. "दोन्ही तिकिटं रद्द कर!" हिनं माझ्या हातातला फोन घेतला आणि बंद केला.

"त्या पोरांना का भाजताय? मीच सांगितलं त्येला. जागा बी म्याच मागितली. खिडकीची. तुमच्यापास्नं लांबची."

मी परतीचं तिकीट तिच्यापुढं धरलं.

"परतीचं तिकीट बी माझं काढू नगं म्हनलं. कवा यायचं त्ये मी तितं बसून ठरवीन. लगीन झाल्यापास्नं नुसतं ईचारताय — कुठं गेलतीस, कुणासंगं बोललीस, येवडा येळ का. मला जरा गप बसायचं हाय. कुनी न ईचारता."

आणि धारा काढायला गेली.

परत येणार ना, एवढंच विचारायचं होतं. गोठ्याच्या दारापर्यंत गेलो. विचारलं नाही.