एकाच गेटातून जाणारं बेट

हमरापूर, बुधवार

रा. रा. हैबतराव यांस थोरल्या बहिणीचा, रंभाआक्काचा आशीर्वाद. (‘रा. रा.’ एवढ्यासाठी, की मुकादम झाल्यापासून नुसत्या नावाला तू ओ देत नाहीस असं कानावर आलंय.) गुडघा कसा हाय? तुझ्या बायकोचा, गिरजेचा खोकला? बरा असेलच. आम्ही मजेत. घरभर रंगवायचे गणपती बसलेत, आम्हाला बसायला जागा नाय.

आपल्याकडं त्रिनिदादचा पाहुणा येऊन गेला. त्रिनिदाद म्हणजे क्रिकेटवाल्या वेस्ट इंडिजातलं बेट. नाव सुखदेव, पूजेच्या सामानाचं दुकान, रंग आपलाच, बोलणं हिंदी सिनेमातलं. गेल्या साली त्यानं आपले गणपती नेले. मी नेहमीसारखे भाताच्या पेंढ्यात बांधले (पेंढा तुझ्याच शेतातला). तिकडं बंदरावरच्या साहेबांनी पेंढा बघितला आणि सगळा जाळला! गणपती दोन महिने गोदामात उघडे. मी विचारलं, “पेंढा काय चावतो काय तुमच्या साहेबांना?” तर हा सगळं पुराणच सांगत बसला. मला ढीगभर कामं, पण ऐकलं.

आधी म्हणे बेटावर ऊसच ऊस. त्यासाठी आपल्या देशातून माणसं पाच वर्षांच्या करारावर जहाजात घालून नेली, ह्याचा पणजा त्यातलाच. साखरेचा भाव पडला, तसे लोक कोकोच्या मागं लागले (चॉकलेट करतात तो). त्या झाडांवर रोग पडला. तेव्हापासून परमुलखातलं गवताचं पातं दिसलं तरी साहेब बिथरतात. मग जमिनीत तेल. भाव चढला तेव्हा शेतं सोडून गाड्या घेतल्या. भाव उतरला तेव्हा गाड्या दारात उभ्या, आणि भाताला तांदूळ बोटीनं यायचा. आता परवा सरकारनं उरलीसुरली साखर कंपनीही बंद केली. हजारो माणसं घरी. सुखदेवचे बाप, चुलते, भाऊ सगळे तिथंच. म्हणाला, “पूरा खानदान एक ही गेट से जाता था दीदी, एक ही गेट से वापस आया.” ह्या एकट्याचं दुकान होतं म्हणून चूल पेटली.

मला तूच आठवलास. तू, तुझे दोघे मुलगे, एक कंपनी, एक शिफ्ट. आता लेकीला, मैनेलाही तिथंच पॅकिंगला चिकटवतोयस. अरे, घर हाय का बेट? पोरीच्या हातात गणपतीचे डोळे आखायची कला हाय. अंगाचा रंग कोणीही मारील, डोळा वाकडा गेला की देव चकणा आणि गिऱ्हाईक पसार. माझा हात आता थरथरतो. तिला इकडं धाड. नीट विचार कर, घाई नाय.

तुझी
रंभाआक्का

ता. क. घाई नाय, कारण मैना मागल्या सोमवारीच इथं आलीय. (तू तिला कोलाडला मावशीकडं समजतोस.) सत्तर गणपती झाले, एकही चकणा नाय. काल विचारलं, “जाशील का गो कंपनीत?” तर मान वर न करता म्हणाली, “आत्या, हा डोळा पुरा करू दे आधी.”

ता. क. दुसरा. कंपनीतली तिची मुलाखत काल होती म्हणे. साहेबांना काय सांगायचं ते तू बघ. गिरजेवर ओरडू नकोस. पोरीला एसटीत तिनंच बसवली, आणि हे पत्र पोचेल तेव्हा ती तुझ्यासमोर खोकत बसलेली असेल, तो खोकला खोटा हाय.