एक चूल आणि सरकारी खोली

इतवारी, नागपूर
कार्तिक, सन १९३८

तीर्थरूप ईश्वरदासमामांस,

दुलीचंदचा नमस्कार. आपला गुडघा आणि मामींची म्हैस, दोघेही आता कुरकुर न करता उठत-बसत असतील अशी आशा आहे. तिरोड्याकडे धान कापणीला आले असेल. मी जिवंत आहे. खुशाल आहे असे लिहिले तर खोटे होईल.

याचे कारण माझा चुलतभाऊ सेवकराम. सरकारने कॉलेजातल्या गरीब मुलांसाठी इथे स्वस्त वसतिगृह बांधले, हे आपण ऐकलेच असेल. (आपल्या धानाच्या शेतसाऱ्यातूनच बांधले म्हणायचे. त्यात माझ्या वाट्याच्या चार विटा असतील, तर त्या नेमक्या सेवकरामच्या उशाशी लागल्या.) आम्ही दोघांनी अर्ज केले. माझे बाबा थोरले, त्यामुळे जमीन त्यांच्या नावावर, म्हणून मी ठरलो श्रीमंत; काकांच्या नावावर काहीच नाही, म्हणून सेवकराम ठरला गरीब. त्याला खाट, कंदील, खिडकी आणि खिडकीबाहेर कडुनिंब. मला मंदाआत्याच्या यजमानांच्या किराणा दुकानामागे मिरचीची पोती. मी भूगोल वाचतो आणि प्रत्येक नदीला शिंकतो. परीक्षा तोंडावर आली आहे, आणि नापास झालो तर बाबा मला थेट धानाच्या बांधीत, चिखलात उतरवणार. मामा, मी जळतो, अगदी उघड जळतो.

शेवटी वसतिगृहाच्या साहेबांकडे गेलो. म्हटले, गावी कामठ्याला आमची जमीन एक, बैलबंडी एक, चूलही एक. मग सेवकराम गरीब कसा? (काकूंच्या हातच्या बोरांच्या लोणच्याचेही वर्णन केले. त्याची गरज नव्हती.) मला वाटले, साहेब विरघळून मलाही खोली देतील. साहेब म्हणाले, "बरे झाले सांगितलेत," आणि सेवकरामचीही खोली काढून घेतली.

तो ट्रंक घेऊन कुठे जाणार? आत्या त्याचीही आत्याच. त्याला पाहताच ती मला म्हणाली, "काऊन रे, तू कायले पोत्यावर पसरून राहिला? त्याले बसू दे!" आता एका पोत्याच्या दोन बाजूंनी आम्ही दोघे शिंकतो.

आपला,
दुलीचंद

ता. क. खरे काम असे. साहेब म्हणतात, कुटुंब विभक्त असल्याचे गावच्या पाटलांनी कळवले तर सेवकरामला खोली परत देऊ. तेव्हा कामठ्याला जाऊन काकूंना ओसरीत वेगळी चूल मांडायला सांगावे. माझे राहू द्या, पण याला इथून न्या.

पुन्हा ता. क. सेवकरामने हे खांद्यावरून वाचले. म्हणतो, "माह्या खोलीसाठी चूल कायले फोडतो? दोघं मिळून शिकू." साहेबांकडे मी गेलो होतो हे त्याला ठाऊक आहे, तरीही म्हणतो. मामा, चांगुलपणातही तो माझ्या पुढे निघून गेला, याची जळजळ मिरचीहून वाईट आहे. चूल एकच राहू द्या. फक्त आत्याला दोन ओळी लिहा, की जेवताना तुपाची वाटी त्याच्याआधी माझ्याकडे फिरवावी.