हळदीच्या तीन खुणा

औरंगाबाद,
१२ फेब्रुवारी १९८१

प्रिय आई,

जयभीम. अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत. प्रौढांच्या वर्गात तुझी बाराखडी संपली असं कळलं, म्हणून हे पत्र अण्णांकडून वाचून घेऊ नकोस. ओळीवर बोट ठेवून सावकाश तूच वाच. त्या बोटांची सूज वाढली आहे, हेही कळलं. पुतळामावशी परवा लेकीकडे आली होती, ती माझ्या खोलीवर येऊन गेली. ती काय म्हणाली ते शेवटी लिहिते. आधी तुला माझी प्रयोगशाळा दाखवायची आहे.

तू दिलेल्या डब्यातली चिमूटभर हळद मी स्पिरिटमध्ये भिजवली. गाळून तिचा तिळाएवढा ठिपका पांढरी पूड थापलेल्या काचपट्टीवर ठेवला आणि पट्टी औषधाच्या उथळ भांड्यात उभी केली. औषध वर चढत गेलं आणि ठिपक्याच्या तीन पिवळ्या खुणा झाल्या, एकीवर एक. एका हळदीत तीन पिवळे! निळसर दिव्याखाली धरल्या तर त्या काजव्यासारख्या चमकल्या. सर मागून हाक मारत होते, मला ऐकूच आलं नाही. मला बहात्तरचा दुष्काळ आठवत होता. मी सुकडीच्या रांगेत, तू खडीच्या ढिगावर. तुझं मनगट सुजलं तेव्हा तू ज्वारीच्या पिठात हळद आणि तेल शिजवून गरम पोटीस बांधलंस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हातोडा उचललास. त्या पोटिसात एवढं काही दडलं होतं, हे तेव्हा आपल्याला कुठं माहीत होतं?

मग आम्ही त्यातली एकच खूण खरवडून शुद्ध केली. उंदराच्या पंजात सूज आणणारं औषध टोचलं, पोटात ही पिवळी पूड दिली आणि तीन तासांनी पंजा मोजला. सूज कमी होती. त्याच आनंदात मी सुट्टीत आले आणि ओट्यावर सगळ्या बायांसमोर सांगत सुटले, की हळद सूज उतरवते, हे आम्ही सिद्ध केलं.

आई, मी अर्धंच सांगितलं. उंदराच्या मापानं तुला ती पूड द्यायची तर रोज मोठी वाटी भरून हळद खावी लागेल. शिवाय तोंडावाटे दिलेली पूड उंदराच्या रक्तात शोधली, तर जवळजवळ सापडतच नाही. बरीचशी लेंड्यांतून निघून जाते, उरलेलीचं शरीर काय करतं ते आमच्यापैकी कुणालाच नीट ठाऊक नाही. आणि तू काही नुसती पूड खात नाहीस. तेलात परतलेली, भाजीतली, भाकरीबरोबरची हळद खातेस. उंदराची सूज तीन तासांची, तुझी चार वर्षांची. एवढ्या मोठ्या गोष्टीतला तिळाएवढा तुकडा मी पाहिला. हळद खोटी नाही, आई. माझा प्रयोग लहान आहे. हे कळल्यापासून त्या काचपट्टीपुढं मी चप्पल काढून उभी राहते. सर हसतात.

आता मावशीचं. ती म्हणाली, “तुझी आई डाक्टरच्या गोळ्या कोनाड्यात ठिवती अन् सकाळ-संध्याकाळ हळदीचं पाणी पिती. म्या बोलले तर मलाच म्हणती, ‘माझी लेक उंदराचा पाय उतरवती, आईचा हात न्हाय उतरवायची व्हय? लई शिकली हाय ती.’” मावशी हसत होती, पण तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं वाकू लागली आहेत, हे तिनं स्वतःची बोटं वाकवून दाखवलं. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हा सांधेवात नुसत्या हळदीवर सोडला तर बोटं कायमची वाकतील. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, म्हणून हे झालं. वर्गात पेन्सिल धरायला शिकलेली तीच ही बोटं आहेत, आई. हळद भाजीत घाल, पण कोनाड्यातली गोळी आजच घे. जेवून घे. रविवारी डॉक्टरांना हात दाखव. आणि माझा मान राखायचा असेल, तर उत्तराची एक तरी ओळ तुझ्या हातानं लिही. वेडीवाकडी चालेल.

त्या ओळीची वाट पाहणारी
तुझीच गोतमी