लाल खुणा केलेलं कार्ड

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही गेल्याचं आईला नागपूरच्या एका मैत्रिणीकडून कळलं, तेव्हा मी इथे अमेरिकेत नववीत होतो आणि माझी परीक्षा चालू होती, म्हणून आईने मला दोन दिवस सांगितलंच नाही. कळल्यावर मी रडलो नाही. तुमचं लाल पेन कुठे आहे ते शोधत बसलो. आज शनिवार आहे. उद्या दुपारी मला एका काकूंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, आणि ते आधी तुमच्यासमोर मांडावं असं वाटलं. तुमच्याकडे मी सहावीपर्यंतच शिकलो आणि नंतर इथलं कॉलेजही दुसऱ्या वर्षी सोडलं, त्यामुळे दोन्ही भाषांतलं माझं शिक्षण अर्धवटच आहे. जिथे शंका आली तिथे शब्दकोश बघून लिहिलं आहे. तरी काही राहिलं असेल तर खूण करा.

काकू अल्फारेटाला राहतात. काका आणि माझे बाबा पुण्याच्या एकाच कंपनीतून इकडे आले, ते जॉर्जियात गेले आणि आम्ही नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलला. गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. त्यांच्या धाकट्याला कॉलेजात प्रवेश मिळाला आहे आणि तिथल्या एका फ्रॅटर्निटीने त्याला बोलावलं आहे. बाई, हे प्रकरण आपल्याकडे नाही, म्हणून सांगतो. कॉलेजातल्या मुलांची मंडळं असतात, त्यांना ग्रीक अक्षरांची नावं असतात, ती मुलं एका मोठ्या घरात एकत्र राहतात आणि एकमेकांना भाऊ म्हणतात. प्रत्येक मंडळाची तत्त्वं ठरलेली असतात. काकू म्हणाल्या, "अरे, त्यांच्या वेबसाइटवर इतकं छान छान लिहिलंय, सत्य काय, सेवा काय. मोठ्याच्या वेळी जे झालं त्यानंतर मी नाहीच म्हणणार होते. पण हा ऐकत नाही. म्हणतो, आई, दॅट वॉज वन बॅड हाउस. तू तर त्यांच्यातला होतास ना, तूच सांग. लिहितात तसं वागतात का रे ते?"

मी म्हणालो, "काकू, विचार करून सांगतो."

"रविवारी सांग. सोमवारी त्याला कळवायचंय."

आठवडाभर मी तोच विचार करतो आहे. मी औषधांच्या एका गोदामात लेबलं तपासतो. लेबलावर एक अक्षर चुकलं तरी ती पेटी बाजूला काढायची, एवढंच काम. या आठवड्यात माझ्या हातून दोन पेट्या सुटल्या, असं आजवर झालं नव्हतं.

आमच्या मंडळाच्या घरात जेवणाच्या खोलीत भिंतीवर पितळी अक्षरांत चार शब्द होते. मराठीत सांगायचं तर सत्य, बंधुत्व, सेवा, विद्या. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा पिझ्झा खाता खाता मी त्या अक्षरांमधली अंतरं सारखी आहेत का ते बघत होतो. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कॉलेजात पहिले सहा आठवडे मी कोणाशी बोललो नव्हतो. जेवायला एकटा जायचो आणि एकटा दिसू नये म्हणून पुस्तक उघडून बसायचो. त्या घरातल्या मुलांनी मला नाव विचारलं, दुसऱ्यांदा भेटले तेव्हा ते त्यांच्या लक्षात होतं, आणि मला तेवढं पुरलं.

ती मुलं वाईट होती असं मी काकूंना सांगू शकत नाही. मी तिथे गेलो त्याच वर्षी बाबांची नोकरी गेली. व्हिसावर असलं की साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते. घर सोडून लहान अपार्टमेंटमध्ये जायचं ठरलं. मी कोणाला काही मागितलं नव्हतं, फक्त शनिवारी येणार नाही असं कळवलं होतं. शनिवारी सकाळी आमच्या दारात चार गाड्या आणि एक ट्रक येऊन उभा राहिला, अठरा मुलं उतरली. आईने दोन घाण्यांत पोहे केले. साडेसहा फुटांचा एक जण, ज्याला सगळे बेअर, म्हणजे अस्वल, म्हणायचे, त्याने तीन ताटल्या खाल्ल्या आणि मग सिंकपाशी उभा राहून कढई घासली. आई म्हणत होती, "अरे ठेव, ठेव," आणि तो म्हणत होता, "नो मॅम, माय मॉम विल फाइंड आउट." त्याला मराठी कळत नव्हतं आणि आईला त्याचं दक्षिणेकडचं इंग्रजी कळत नव्हतं, तरी ते दोघं दहा मिनिटं बोलत होते. संध्याकाळी ते गेल्यावर आई म्हणाली, "देवमाणसं आहेत रे ही." त्या दिवशी कितीतरी दिवसांनी बाबा टेकून बसले. म्हणजे बाई, भिंतीवरचं खरं होतं. मी ते माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

दुसऱ्या वर्षी मी तिथला सेक्रेटरी झालो, कारण माझं लिखाण नेटकं असतं. त्याच वर्षी काकूंचा मोठा तिथे शिकायला आला. त्याला मी लहानपणापासून ओळखत होतो. गणपतीला दोन्ही कुटुंबं भेटायची तेव्हा तो माझ्या मागे मागे असायचा. हसरा, विसराळू, "चिल ना दादा" म्हणणारा. मंडळात त्याला मीच नेलं. काकूंनी तेव्हाही फोन करून विचारलं होतं आणि मी म्हणालो होतो, "काकू, मी आहे ना तिथे."

"तू आहेस म्हटल्यावर मला काळजी नाही," त्या म्हणाल्या.

नव्या मुलांना अकरा ओळींची एक शपथ पाठ करावी लागायची. तुम्हाला आठवतं का, पाचवीत मी पुस्तकातली प्रतिज्ञा घडाघडा म्हणून दाखवली होती आणि तुम्ही मधेच थांबवलंत. म्हणालात, "बांधव म्हणालास ना? कोण कोण? नावं सांग." वर्गात त्रेपन्न मुलं होती आणि मला फक्त शेजारच्या बाकावरच्याचं नाव घेता आलं. तुम्ही म्हणालात, "पाठ आहे. पण ते कोणाला म्हणतोयस ते तुला ठाऊक नाही. बस खाली." माझे कान लाल झाले होते. पण मी त्यातून काय शिकलो? एवढंच की पुढच्या वेळी आणखी न चुकता म्हणायचं.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी दुपारी सहा नव्या मुलांना बेसमेंटमध्ये नेलं. वर टीव्हीवर फुटबॉलची मॅच चालू होती, तिचा आवाज खाली येत होता. शपथ म्हणायची आणि म्हणता म्हणता उठाबशा काढायच्या, एक शब्द चुकला की वीस जास्त, असा तिथला रिवाज होता. आमच्याही वेळी तसंच झालं होतं. पण आमच्या वेळी शपथ लिहिलेलं कार्ड धरून उभा असलेला मुलगा ढिला होता, अर्धं ऐकायचा, अर्धं सोडून द्यायचा. या वेळी कार्ड माझ्या हातात होतं.

बाई, मी एकही चूक सोडली नाही. हातात लाल पेन होतं, तुम्ही दिलेलं नाही, इथलंच. चुकलेल्या शब्दाखाली खूण करायची आणि "मिस" म्हणायचं. बाकीच्यांचं लवकर झालं. काकूंच्या मोठ्याचं सातव्या ओळीवर अडायचं. 'माझ्या भावाचं ओझं मी माझ्या खांद्यावर घेईन' अशी ती ओळ, आणि तो दर वेळी 'वाटून घेईन' म्हणायचा. मी म्हणायचो, मिस. तो माझ्याकडे बघून हसायचा, कारण त्याला वाटत होतं की मी दादा आहे, आता सोडेन. नंतर तो हसायचा थांबला. बेअर मला हळूच म्हणाला, "क्लोज इनफ, मॅन." मी त्याला कार्ड दाखवलं. ओळ कार्डावर तशी नव्हती. मला खरंच वाटत होतं की मी तत्त्वं जपतो आहे. त्या ओळीखाली लाल खुणा आहेत, कार्ड माझ्यासमोर आहे, आत्ताच पुन्हा मोजल्या. चौदा. चौदा गुणिले वीस, आणि त्याआधीच्या वेगळ्या.

सोमवारी सकाळी त्याचा मेसेज आला. दादा, लघवी कोकसारखी येतेय, पाय सुजलेत, हे नॉर्मल आहे का? मी आमच्या अध्यक्षाला विचारलं. तो म्हणाला, पाणी प्यायला सांग, हॉस्पिटल नको, तिथे प्रश्न विचारतात. मी लिहिलं, भरपूर पाणी पी. पूर्णविरामही दिला. मंगळवारी तो पलंगावरून उठू शकला नाही आणि त्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने अँब्युलन्स बोलावली. स्नायू फाटून त्यातलं विष मूत्रपिंडांत गेलं होतं. तीन आठवडे डायलिसिस चाललं.

काका-काकू सहा तास ड्राइव्ह करून आले. मी हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा काकू खुर्चीत बसल्या होत्या, पायाशी डब्यांची पिशवी होती. मुलाला काही खाता येणार नाही हे माहीत असूनही त्या करून घेऊन आल्या होत्या. मला बघून उठल्या. "तू होतास का रे तिथे?"

"नाही काकू. मी लायब्ररीत होतो."

"वाटलंच मला. तू असतास तर होऊच दिलं नसतंस." आणि त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "किती वाळलायस. काही खाल्लंस का सकाळपासून?" त्यांनी डबा उघडून माझ्या हातात थालीपीठ दिलं. मी त्याच्याकडे बघितलं. तो जागा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मी वाट बघत होतो की आता तो बोलेल. काकू आणखी काही विचारणार होत्या, तेवढ्यात तो डोळे न हलवता म्हणाला, "आई, लेट हिम ईट."

मी ते थालीपीठ पूर्ण खाल्लं, बाई.

पुढे युनिव्हर्सिटीची चौकशी झाली. बेसमेंटमध्ये कोण कोण होतं त्याची यादी त्यांनी मंडळाकडेच मागितली. अध्यक्ष मला म्हणाला, "तू कर. तू केअरफुल आहेस." मी नऊ नावं लिहिली, प्रत्येकाचं स्पेलिंग तपासलं. स्वतःचं लिहिलं नाही. आमचं ग्रीन कार्ड तेव्हा यायचं होतं आणि मला बाबांचा चेहरा दिसत होता. ती यादी त्या नऊ जणांनी वाचली. एकानेही म्हटलं नाही की यात एक नाव कमी आहे. बेअर तर म्हणाला, "वी गॉट यू, ब्रदर." तिघांना कॉलेजातून काढून टाकलं, त्यात बेअरही होता. घराला टाळं लागलं. मी सामान आणायला गेलो तेव्हा पितळी अक्षरं काढून नेली होती, भिंतीवर त्यांच्या जागी फिकट डाग होते आणि तरीही ते चार शब्द सहज वाचता येत होते. पुढच्या सत्रात मी कॉलेज सोडलं. मला कोणी काढलं नव्हतं.

काकूंचा मोठा बरा झाला. दुसऱ्या कॉलेजात शिकला, आता रेडमंडला नोकरी करतो. आम्ही बोलत नाही. त्याने आईला अजून सांगितलेलं नाही, हे मला पक्कं माहीत आहे, कारण दर दिवाळीला काकूंकडून मला फराळाचं पार्सल येतं. चकल्या मोडू नयेत म्हणून त्या प्रत्येक थराला टिश्यू पेपर लावतात. ती सातवी ओळ त्याला कधीच पाठ झाली नाही. आम्हा सगळ्यांना होती.

हे असं सगळं काकूंना उद्या सांगायचं, असं ठरवून इथे थांबतो.

रविवार संध्याकाळ. बाई, फोन झाला. मी समोर कागद घेऊन बसलो होतो. काकूंनी पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल रे. काय ठरवलंस?"

मी म्हणालो, "काकू, लिहितात तसं वागतात ते. एकमेकांशी वागतात. पण धाकट्याला पाठवू नका."

"म्हणजे काय? वागतात म्हणतोस आणि पाठवू नका म्हणतोस."

"जो अजून त्यांच्यातला झालेला नसतो, त्याच्याशी नाही वागत, काकू. त्यात मी..."

मी थांबलो. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मागून धाकट्याचा आवाज आला, "मॉम, इज दॅट हिम? व्हॉट्स ही सेइंग?" काकू त्याला म्हणाल्या, "थांब जरा, दादा बोलतोय." मग मला म्हणाल्या, "तू कशाला मनाला लावून घेतोस? तू तेव्हा लायब्ररीत होतास. तुला काय माहीत असणार."

मी म्हणालो, "हो."

बस, एवढंच. मग त्या म्हणाल्या की तू नको म्हणतोस तर नको, तुझ्यावर माझा विश्वास आहे. आणि विचारलं, यंदा अनारसे पाठवू का, तुला आवडतात ना? धाकटा वाचला असेल. तेवढ्यासाठी फोन केला होता असं मी तासभर स्वतःला सांगतो आहे.

हे पत्र कुठे पाठवणार? पण एक गोष्ट राहिली आहे, ती तुम्हाला सांगायलाच हवी. सहावीत मी मॉनिटर होतो. तुम्ही ऑफिसात जाताना सांगून जायचात की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही. एकदा परत येऊन बघितलंत तर यादीत शेवटचं नाव माझं स्वतःचं होतं. तुम्ही सगळ्या वर्गाला ते दाखवलंत. म्हणालात, "दुसऱ्याचं नाव लिहिणं सोपं असतं." आणि पर्समधून काढून मला तुमचं वह्या तपासायचं लाल पेन दिलंत. ते अजून माझ्याकडे आहे, मी ते कधी वापरलं नाही. बाई, त्या दिवशी माझं नाव आधी यादीत नव्हतं. यादी करून मी खडू खाली ठेवला होता. मग खिडकीतून तुम्ही व्हरांड्यातून येताना दिसलात, आणि मी खडू पुन्हा उचलला.