शेपटीजवळचा छोटा पर

स्कारडाल,
१७ जुलै २०१६

चि. गुडनीस, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले मोजे पोचले. डावा उजव्यापेक्षा चार बोटं लांब आहे. विणताना रेडिओ ऐकत होतीस ना? असो, बुटात गेल्यावर कोण बघतंय.

या पत्राआधी बसवाला तुझ्याकडे एक खोकं आणून देईल. त्यात बर्फ आणि सॅमनचा शेपटीकडचा अर्धा भाग आहे. काल चर्चखालच्या डोहात नऊ किलोची मादी लागली. पाऊण तास खेळवलं तिने मला. काठाशी आणली तेव्हा पाठीवरचा मोठा पर झिजलेला, शेपटीची टोकं बोथट. पिंजऱ्यातला मासा. जानेवारीच्या वादळात खाडीच्या तोंडाशी मासे पाळायचे ते जाळ्यांचे पिंजरे फाटले, तेव्हा सुटलेले हजारो मासे आता आपल्या नदीत घुसताहेत. आपला नियम तुला माहीत आहेच. नदीचा असेल तर पाण्यातच गळ काढून सोडायचा, पिंजऱ्यातला असेल तर मारायचा, नाहीतर आपल्यांत मिसळून तो आपली वीणच बिघडवतो. मी दांडका घातला. एका फटक्यात.

खवले खरवडून पाकिटात घातले, फॉर्म भरला आणि तपासणी केंद्राला पाठवून दिला. बावन्न वर्षं करतोय, आता हात आपोआप लिहितो. शेपटीजवळचा छोटा पर आहे का, या रकान्यात ‘आहे’ लिहिलं. तो सगळ्यांनाच असतो. नसतो फक्त तुझ्या ओस्नेवहिनीच्या मत्स्यबीजकेंद्रातल्या माशांना, कारण सोडण्यापूर्वी ती खूण म्हणून तो कापायची. तिने शेवटचे सोडले त्याला तीन वर्षं झाली. त्यांतला एकही परतला नाही आणि मी आता वाट बघणंही सोडलं आहे.

तर हा मासा तुझ्या लाडक्या भाच्याच्या गोठ्यातला आहे. मजेत खा. आई गेल्यावर वर्षभरात त्याच पिंजऱ्यांवर नोकरी धरणाऱ्या पोराबद्दल मला काही ऐकायचं नाही, तेव्हा पुढच्या पत्रात त्याची वकिली नको.

घरात हल्ली माझ्याशी हवामानाच्या बातम्या देणारी बाईच काय ती बोलते. तीही पाऊस येणार एवढंच सांगते.

मोज्यांचा हिशेब न धरता आठवण ठेव.
तुझा दादा,
टोर्लाइव्ह


बर्गन,
२३ जुलै २०१६

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

खोकं मिळालं. बर्फाचं पाणी झालं होतं, पण मासा ठीक होता. धुऊन घेतला, मीठ-साखर-शेपू लावून ठेवला आहे. अजून चाखला नाही. पोट जरा बिघडलं आहे.

दादा, त्या दिवशी चष्मा कुठला लावला होतास? नाताळात तू माझ्या कपाशेजारी कॉफी ओतलीस आणि मग टेबलच तिरकं आहे म्हणून त्यालाच शिव्या घातल्यास. ते टेबल वडिलांनी केलेलं आहे, ते तिरकं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मी सोबत येते हवं तर.

वकिली नको म्हणालास, म्हणून फक्त बातमी देते. तुझा स्टेनार मागच्या रविवारी येऊन गेला. वादळानंतर सुटलेले मासे पकडायला तो सलग अकरा दिवस होडीत होता. हातांची सालटी निघालेली अजून दिसतात. पिंजऱ्यांचे दोर जुने झालेत हे त्याने वरच्यांना दोनदा सांगितलं होतं म्हणे. तू कसा आहेस विचारलं. मी म्हटलं, कुरकुरतोय, म्हणजे बरा आहे. त्यावर तो हसला. जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाही.

इथे तिसऱ्या मजल्यावरही पाऊसच. जिना उतरायचा कंटाळा येतो, म्हणून मी दिवसचे दिवस कुणाचं तोंड बघत नाही. तेव्हा एकटेपणाची ऐट तू एकट्याने मिरवू नकोस.

रागावलास तरी पत्र लिहायचं थांबू नकोस.
तुझी,
गुडनी


स्कारडाल,
१९ सप्टेंबर २०१६

चि. गुडनीस, आशीर्वाद.

दोन महिने लिहिलं नाही. तू स्टेनारबद्दल लिहिलंस म्हणून रागावलो होतो. आता राग राहिलेला नाही, दुसरंच काही झालं आहे.

आज तपासणी केंद्राचं उत्तर आलं. चारच ओळी आहेत. खवल्यांवरून मासा पिंजऱ्यातला वाटत नाही. बीजकेंद्रात वाढवून लहानपणीच सोडलेला, नंतर तीन हिवाळे खुल्या समुद्रात. छोट्या पराच्या नोंदीची कृपया पुन्हा खात्री करावी.

आधी मी त्यांनाच मूर्ख म्हटलं. मग फ्रीझर उघडला. माझ्याकडे डोक्याकडचा अर्धा भाग आहे, त्यावर मोठा पर आहे. छोटा पर असेल तर तुझ्या अर्ध्यावर. बीजकेंद्रातल्या टाक्यांच्या सिमेंटनेही पर झिजतात हे मलाच ठाऊक असायला हवं होतं. त्या टाक्या मीच बांधल्या.

डोळ्यांचं तू म्हणालीस ते खरं आहे. वर्षभर समोर धुकं आहे. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर नदीवर जाऊ दिलं नसतं. पण यात डोळ्यांचीही गरज नव्हती गं. पाठीवरून बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं. मला मारायची घाई होती. खरं सांगू? दांडका मी कोणाच्या डोक्यात घालत होतो ते मला माहीत आहे.

पोटात अंडी होती. ती मी मांजरीला घातली.

तुझ्या तुकड्यावर तो पर होता का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस, असेल ते लिही.

दादा


बर्गन,
२३ सप्टेंबर २०१६

ती. दादास, सा. न.

नव्हता.

मासा धुताना अंगठा त्या जागी गेला आणि तिथेच थांबला. गुळगुळीत, जुनी भरलेली जखम. मी कुठल्या घरातली आहे, मला कळणार नाही का? मी नळ तसाच वाहता ठेवून खाली बसले. पोट वगैरे काही बिघडलं नव्हतं. त्यातला घासभरही मी खाल्ला नाही, सगळा तसाच फ्रीझरमध्ये ठेवला आहे.

लपवलं याबद्दल मला हवं ते बोल. तीनदा पत्र लिहिलं आणि तीनदा फाडलं. तू एकटा, समोर ती नदी, आणि घरात ही गोष्ट. ती तुझ्याबरोबर कोंडून ठेवायचा मला धीर झाला नाही.

पण एक काम मी करणार नाही. हे स्टेनारला मी सांगणार नाही. शेवटचे मासे सोडले त्या वसंतात मी आले होते, आठवतंय? ओस्नेच्या हाताला तेव्हाच कंप सुटला होता. स्टेनार एकेक पिल्लू ओल्या तळहातावर धरायचा, ती कात्री लावायची, आणि तो म्हणायचा, आई, हळू. असे दोन हजार मासे. त्याच नोव्हेंबरात ती गेली, केंद्राला कुलूप लागलं. त्याला माशांखेरीज दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तो पिंजऱ्यांवर गेला. तू त्याला एवढंही कधी विचारलं नाहीस.

त्या माशात त्याचाही हात होता. तेव्हा हे तूच त्याला लिही.

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मी घेतली आहे. तू शिव्या दिल्यास तरी ती रद्द होणार नाही.

आजवर धरलास तसाच लोभ धर.
गुडनी


स्कारडाल,
२० ऑक्टोबर २०१६

चि. स्टेनारास, आशीर्वाद.

दोन वर्षांनी लिहितो आहे. चार आठवड्यांत बरेच कागद वाया घालवले, म्हणून आता सरळच लिहितो. जुलैमध्ये मी तुझ्या आईचा मासा मारला. तुझा समजून मारला.

बाकी सगळं आत्या सांगेल. तिने नाही म्हटलं आहे, पण तू विचारलंस तर सांगेल.

माफी मागणं मला या वयात जमणार नाही. मागतो आहे एवढं धरून चाल.

आता दुसरं. ओडवार दरवर्षीप्रमाणे तोंडाला पाणबुड्याची काच लावून नदीतले मासे मोजायला उतरला होता. तो सांगत आला की चर्चखालच्या डोहात एक मोठी मादी शेपटीने खडी उकरून अंड्यांची जागा करते आहे, आणि तिला शेपटीजवळचा छोटा पर नाही. मी त्याला तीनदा विचारलं. तो म्हणाला, टोर्लाइव्ह, मला डोळे आहेत.

चार दिवस मी जाऊन बसतो आहे. बरोबर डबा नेतो, तुझ्या आईची शाल नेतो. कधीतरी पाणी फडफडल्याचा आवाज येतो. मी त्या दिशेला बघतो आणि मला नुसतं पांढरं दिसतं. डोळ्यांचं ऑपरेशन डिसेंबरात आहे. तोवर ती थांबायची नाही.

कामावरून एक दिवस सुटी मिळाली तर ये. काही बोलायचं नसेल तर नको बोलूस. डोहावर माझ्याशेजारी बस आणि ती काय करते आहे तेवढं मला सांग.

तुझे जुने बूट दाराशीच आहेत. मी ते हलवले नाहीत.

तुझा,
बाबा