तीन वाजता सुतार

प्रिय सूनबाई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. माझं बी.पी. जागेवर आहे, गॅस बंद केलेला आहे आणि तुझ्या कुंड्यांना पाणी घातलेलं आहे. रोज फोनवर बोलतो तरी ही बाई पत्र कशाला लिहितेय, असं तुला वाटेल. त्याचं कारण तुझा फोनच. मी इकडचं तिकडचं बोलते तोवर तुझा आवाज खणखणीत येतो आणि लिफ्टवाल्यांचा विषय काढला की तुझी रेंज जाते. पहिल्यांदा मला खरंच वाटलं. मग पुन्हा नेमकी त्याच शब्दाला रेंज गेली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पत्राला रेंज लागत नाही. तेव्हा आता निमूटपणे शेवटपर्यंत वाच.

आज रविवार, म्हणून तळ्यावर पक्षी बघून आले. तू ट्रेनिंगला गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि तेही एकटी. एकटी म्हणजे आपल्या गटातल्या बँकवाल्या बाईंनी मला कोपऱ्यावरून गाडीत घेतलं, पण शेजारी तू नव्हतीस, म्हणून एकटी. पाणी बरंच ओसरलंय. मधेमधे चिखलाची बेटं वर आली आहेत आणि त्यांवर शेकाटे आपले ते लांब लाल पाय जपून टाकत हिंडत होते, नवी चप्पल भिजू नये म्हणून चालावं तसे. पलीकडे पाणकणसांच्या कडेला थापट्या बदकांचा थवा उतरलाय, आणि आपला तो वंचक बगळा नेहमीच्या दगडावर मख्खासारखा बसलेला. मी काठावर एक तुतवार ओळखला, बरं का! बसला तरी सारखी शेपटी हलवत होता, त्यावरून. बँकवाल्या बाई म्हणाल्या नसेल, मी म्हटलं असेल, मग पुस्तक उघडलं गेलं आणि माझी कॉलर ताठ झाली. हे सांगायला बाजूला तू नव्हतीस, याचं फार वाईट वाटलं.

सुरुवात आठवते का तुला? रविवारी दहापर्यंत घोरत पडणं हा आपल्या स्वारीचा, माझ्या लेकाचा, हक्क होता. तो गेल्यावर रविवारी दहा वाजेपर्यंतच्या त्या शांततेचं काय करायचं, हे आपल्या दोघींनाही कळत नव्हतं. तू ओटा घासत बसायचीस, मी पेपरातल्या जाहिरातीसुद्धा वाचून काढायची. मग तुझ्या चष्म्याच्या दुकानात कोणीतरी काचेवर कागद चिकटवून गेलं, ‘रविवारी पक्षी बघायला चला’. मला घरी एकटी ठेवायची नाही म्हणून तू मलाही ओढलंस. मी म्हटलं होतं, पक्षी बघायला चिखलात कशाला जायला हवं, खिडकीतून दिसतो की रोज कावळा. आपण दोघी उजाडायच्या आत उठून डबक्याकाठी उभ्या राहतो हे त्याला कळलं असतं, तर तो अंथरुणातच पोट धरून हसला असता. त्याला चिमणी आणि कावळा यापलीकडे काही ओळखता येत नव्हतं, आणि त्यातही चिमणीची खात्री नव्हती.

आणि मग ते सुताराचं प्रकरण. तू ते चारचौघांत इतक्यांदा सांगितलंस की मला आता त्याची लाज वाटेनाशी झाली आहे. पण माझी बाजू तू कधी सांगितली नाहीस, ती आता मी सांगते. ओट्याखालच्या कपाटाचं दार निखळून महिना झाला होता. बँकवाल्या बाई आपला सुतार पाठवते म्हणाल्या होत्या. आणि त्या दिवशी रानातल्या वाटेवर, तू पुढच्या लोकांबरोबर निघून गेलेली असताना, त्याच बाई हात वर करून माझ्या कानाशी कुजबुजल्या, ‘तीन वाजता, सुतार!’ आता मी उभी नोकरी एस.टी. स्टँडवर माईकवरून गाड्यांच्या वेळा सांगण्यात घालवली. माझ्या लेखी तीन वाजता म्हणजे तीन वाजता. मी मोठ्यांदा म्हटलं, अगोबाई, मग मला निघायला हवं, दार कोण उघडणार त्याला? झालं. झाडावरचा सुतार भुर्रकन उडाला, आणि सगळ्यांच्या दुर्बिणी माझ्याकडे वळल्या.

त्या वेळी न हसलेला एकच माणूस होता, गटातले हे लिफ्ट दुरुस्त करणारे. म्हणाले, चला, मी सोडतो. लिफ्टवाल्यांनी लिफ्ट दिली, हा तुझा विनोद नंतरचा. वाटेत त्यांनी एवढंच विचारलं, की दाराला बिजागरी कसली आहे. मला घरी सोडून गेले आणि बरोबर तीनला बेल वाजली. दारात हेच, हातात लिफ्ट दुरुस्तीच्या हत्यारांची पेटी. म्हणाले, सुतार आलाय. मला वाटलं, बाईंच्या सुताराला जमलं नसेल म्हणून बिचारे स्वतः आले. दार बसवलं, चहा प्यायले, गेले. तू संध्याकाळी आलीस, आणि समोर बारा, उजवीकडे तीन, असं घड्याळ माझ्यापुढे हातवारे करून मांडलंस. झाडावर पक्षी कुठे बसलाय ते ही माणसं घड्याळाच्या काट्यावर सांगतात, आणि सुतार म्हणजे खोडावर चोच आपटणारा पक्षी, हे मला तेव्हा कळलं. आपल्या भाषेत निम्मे पक्षी कामधंद्याला लावलेत, कोणी सुतार, कोणी शिंपी, कोणी सुगरण, त्याला मी काय करू! पण सांगता सांगता तू हसायला लागलीस, आणि हसता हसता ओट्याला टेकून खाली फरशीवर बसलीस. तो गेल्यानंतर तू तशी हसलेली मी पहिल्यांदा पाहिली. मी तुझ्याबरोबर हसले, मग मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि पोटभर रडले. बरं वाटलं म्हणून रडले.

तेव्हापासून मी बघतेय. बघायला तूच शिकवलंस. पक्ष्याकडे सरळ चालत जायचं नाही, तिरकं जायचं, मधेच थांबायचं, आपलं लक्ष भलतीकडेच आहे असं दाखवायचं. तुम्ही दोघं एकमेकांकडे अगदी असेच जाता. ते तुला सोडून सगळ्यांना चहा विचारतात आणि शेवटी तुझ्यापाशी येऊन थर्मास रिकामा करतात. तू त्यांच्याशी बोलताना झाडाकडे बघतेस, आणि त्या झाडावर काहीही नसतं. मी वयानं म्हातारी आहे, नजरेनं नाही. चष्मा तूच करून दिला आहेस.

म्हणून आज मला खटकलं. ते आले होते, पण बंधाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला तिपाईवर मोठी दुर्बीण लावून उभे होते. मी तिरकी-बिरकी गेले नाही. सरळ गेले आणि विचारलं, काय झालंय? आधी म्हणाले, काही नाही, पाणकावळे बघतोय. म्हटलं, पाणकावळे त्या बाजूला आहेत. मग बिचाऱ्यांनी दुर्बिणीतून डोळा न काढताच सांगितलं. तू ट्रेनिंगला जायच्या आधी त्यांनी तुला विचारलं होतं. तू नाही म्हणालीस. मी विचारलं, आवडत नाही म्हणून? म्हणाले, तसं नाही म्हणाल्या. आईंना सोडून मला कुठे जायचं नाही, म्हणाल्या. आणि आता तू परत आलीस की ते आपल्या गटात येणार नाहीत, म्हणजे अवघडून जाऊन तुझे रविवार बुडायला नकोत. हे सगळं त्यांनी अशा आवाजात सांगितलं, जसं काही लिफ्टचा दोर बदलायचाय.

मी काय बोलले ते त्यांना विचारू नकोस, बंधाऱ्यावरच्या टिटव्या उठल्या एवढंच सांगते. राग त्यांचा नव्हता, तुझा होता. अगं, मी काय बेवारस सामान आहे का? स्टँडवर मी रोज माईकवरून सांगायची, की आपापल्या सामानाकडे लक्ष ठेवा. त्यातली ट्रंक मीच, आणि तू आयुष्यभर त्या ट्रंकेवर बसून राहणार, गाड्या डोळ्यांदेखत सुटल्या तरी! तू माझ्यासाठी थांबलीस हे मला दिसतं, आणि ते बघून माझा ऊर भरून येतो. पण तुझं नाही माझ्या नावावर नको. तुला तो माणूसच नको असेल तर तसं सांग, मी पुन्हा त्यांचं नाव काढणार नाही. माझ्यामुळे मात्र नको म्हणायचं नाही.

आता हे पत्र खरं कशासाठी ते सांगते. दुपारी जेवून आडवी होणार तेवढ्यात फोन आला. लिफ्टवाल्यांची मोठी बहीण. भावाचा चेहरा बघून तिनं त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं होतं. बाई सरळ आहे, बोलणं मला आवडलं. म्हणाली, आम्ही मुलाकडचे, पण बोलायचं कोणाशी? मुलीला आई-वडील नाहीत असं कळलं, मुलीकडचं कोणी आहे का? मी म्हटलं, आहे ना, मी आहे. ती म्हणाली, पण तुम्ही तर सासू ना तिच्या? मी म्हटलं, होते, आता माझी बदली झाली आहे, मुलाकडून मुलीकडे. त्याची आई मी आहेच, ते माझ्याकडून कोणी काढून घेत नाही. तुझ्या लग्नात मी मुलाकडची होते, मला नुसतं खुर्चीत बसायचं काम होतं. या वेळी धावपळ करायची माझी तयारी आहे. होकार मी दिलेला नाही, तो तुझाच आहे. तिला सांगितलंय, मुलगी आली की ती बोलेल. तुझं उत्तर काहीही असो, हे घर मी सोडणार नाही. नवऱ्याशी भांडून यायला, दुखलं-खुपलं तर पडून राहायला, काही कारण नसताना चार दिवस लोळायला बाईला एक घर लागतंच, आणि तुला ते कधीचं नाही. ट्रेनिंग संपलं की पहिली गाडी पकड आणि सरळ माहेरी ये.

वाट बघणारी, तुझीच,
आई