दुसरी हाक

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. सुखरूप पोचलो, गोळ्या वेळेवर घेतो. तुझा गुडघा कसा आहे?

वंशावळीसाठी आपल्या जन्मगावच्या नोंदणी कचेरीत गेलो होतो. मृत्यूची जुनी वही चाळताना कारकूनबाई थबकल्या. “आजोबा, यात तर तुमचंच नाव आहे.”

म्हटलं, “बाई, मी अजून जेवलोसुद्धा नाही.”

मग स्वतः वाचलं. नाव माझं, आईबाप आपले, वय वर्षं तीन, तारीख माझ्या जन्माच्या वर्षभर आधीची. गेलेल्याचंच नाव मला ठेवलं, ताई.

आठवतं, तिन्हीसांजेला आई दारातून दोनदा हाक मारायची? मी पहिल्या हाकेलाच धावत यायचो, तरी ती अंगणाकडे बघत पुन्हा हाक द्यायची. मला ते कवितेच्या धृपदासारखं गोड वाटे.

त्या नोंदीची नक्कल मागितली होती; ती तयार झाल्यावर बाईंनी माझं नाव पुकारलं. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहत पुन्हा पुकारलं. वळून बघायचा धीर झाला नाही.

तो गेला तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. त्याला लाडाने काय म्हणायचीस, तेवढं कळव.

काळजी करू नकोस. फक्त परवा मी घरात शिरलो की लगेच दार लावू नकोस.

तुझा,
दोघांतला धाकटा